हिमनदीकडे पाठ करून

अलास्काच्या सात दिवसांच्या जलप्रवासाहून आम्ही २०२३ च्या ऑगस्टात परतलो, तेव्हा आमच्याजवळ १८४६ छायाचित्रे होती. सिएटलला स्थायिक झालेल्या चिरंजीवांनी हा योग घडवून आणला होता. बडोद्यास आल्यावर दांडिया बाजारातील जुन्या घरी आप्तेष्ट जमले आणि टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर आम्ही ती चित्रे दाखविण्यास आरंभ केला. साठ-सत्तर चित्रे होतात न होतात तोच कोणी चहा टाकायला उठले, कोणी मुलांना घेऊन गच्चीवर गेले. उरल्या त्या एकट्या आमच्या आत्या, वय वर्षे ८८. त्यांनी एका चित्रापाशी आम्हांला थांबविले. आमच्या सौ. कठड्याला टेकून हसत उभ्या होत्या व त्यांच्या मागे निळसर बर्फाची अजस्र भिंत होती. "हे कोसळताना दिसतं तरी कसं गं?" आत्यांनी विचारले. सौ. सहज म्हणाल्या, "आवाज ऐकला हो आत्या, पण पाहिलं नाही. यांनी मला सारखं कॅमेऱ्याकडे तोंड करून उभं केलं होतं."

त्या रात्री आम्ही चित्रे पुन्हा चाळली. सौ. २११ चित्रांत होत्या आणि जे पाहावयास आम्ही इतके दूर गेलो, त्याकडे बहुतेक सर्व चित्रांत त्यांची पाठ होती.

ग्लेशियर बे या उपसागराची थोडी हकिगत सांगणे येथे अवश्य आहे. १७९४ मध्ये व्हँकूव्हरच्या मोहिमेतील माणसे तेथे पोचली, त्या वेळी बर्फाची भिंत उपसागराच्या मुखाजवळच उभी होती. १८७९ मध्ये जॉन म्यूर आला तोवर ती कित्येक मैल आत सरकली होती. त्याही पूर्वी, अठराव्या शतकात, पुढे सरकणाऱ्या बर्फाने हुना त्लिंगिट लोकांना वाडवडिलांची वस्ती सोडावयास लावली होती. आज तेथे राष्ट्रीय उद्यान असून दिवसाला दोनच मोठ्या पर्यटक जहाजांना प्रवेश मिळतो. जहाज मार्जरी हिमनदीसमोर थांबते. तिची दर्शनी भिंत सुमारे दीड किलोमीटर रुंद व पाण्यावर सुमारे ७५ मीटर उंच आहे. दोन्ही बाजूंच्या प्रवाशांना दर्शन घडावे म्हणून जहाज जागच्या जागी हळूहळू गिरकी घेते. देवळात गर्दीच्या दिवशी रांग फिरवतात, तसेच काहीसे.

बर्फाचा कडा तुटून पाण्यात कोसळतो त्या गडगडाटाला त्लिंगिट लोक 'पांढरी मेघगर्जना' म्हणतात. यात एक साधी गोष्ट आमच्या ध्यानात आली नव्हती. ध्वनी सेकंदास सुमारे ३४० मीटर जातो. भिंत चार-पाचशे मीटरांवर असेल, तर आवाज कानी पडेपर्यंत एखादा सेकंद उलटलेला असतो. आवाज ऐकून कॅमेरा वळविणाऱ्याच्या हाती कड्याऐवजी उसळलेले पाणी लागते. अशा नुसत्या पाण्याची नऊ चित्रे आमच्या संग्रहात आहेत. जे प्रवासी हातात काही न घेता तासभर भिंतीकडे टक लावून उभे होते, त्यांना ते दिसले.

मग आम्ही तेथून आणले तरी काय? मराठीत आपण फोटो 'काढतो', जसे विहिरीतून पाणी काढतो किंवा पायातला काटा काढतो. आमचे गुजराती शेजारी फोटो 'पाडतात', आणि त्यांच्या सहवासाने बडोद्याच्या मराठी घरांतही 'फोटो पाडला' असे सर्रास ऐकू येते. दोन्ही क्रियापदांत कोठून तरी काही वेगळे करून घेण्याचा भाव आहे. सुझन सोंटॅग हिने १९७७ मधील आपल्या ग्रंथात म्हटले आहे, की छायाचित्र घेणे हा अनुभवाला दाखला मिळविण्याचा मार्ग आहे तसाच अनुभव नाकारण्याचाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लिंडा हेन्केल यांचे संशोधन २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. संग्रहालयातील काही वस्तूंची छायाचित्रे घ्यावयास आणि काही नुसत्या पाहावयास त्यांनी विद्यार्थ्यांस सांगितले. दुसऱ्या दिवशी छायाचित्र घेतलेल्या वस्तू कमी आठवल्या. मात्र वस्तूचा एखादाच भाग जवळून टिपला असेल, तर स्मृती शाबूत राहिली. म्हणजे दोष सर्वस्वी यंत्राचा नाही. परंतु स्वतःची स्मृती गमावणे हा ज्याचा त्याचा तोटा झाला. आम्ही तर दुसऱ्या माणसाचे पाहणेच काढून घेतले होते. हौसेला मोल नाही असे म्हणतात, पण आमच्या हौसेचे मोल सौ.नी मोजले होते, आणि तेही हसतमुखाने, कारण आम्ही "हस" म्हणत होतो.

अशा वेळी आमच्या पिढीस जुने दिवस आठवतात. वडिलांकडे आगफा क्लिक थ्री होता, आमच्याच बडोद्यात तयार झालेला. एका रोलमध्ये बारा चित्रे. ती दोन-दोन महिने पुरविली जात. रविवारी कमाटीबागेत गेलो की वडील आधी विचारीत, "काढू का?" मग आई पदर सारखा करी, आम्ही केस बसवीत असू, आणि बटण दाबेपर्यंत सगळे श्वास रोखून धरीत. घेणारा विचारी आणि देणारा देई, म्हणून तो व्यवहार सरळ होता असे आम्ही पुष्कळदा मुलांना ऐकविले आहे.

पण त्या रात्री जुने आल्बमही काढले आणि हे म्हणणे तितकेसे खरे नाही असे दिसले. वडिलांच्या आई आमच्या लहानपणी घरातच होत्या. केशवपन केलेल्या, लाल आलवणातल्या. त्यांचे एकही चित्र नाही. त्यांना कोणी दाराआड जावयास सांगितल्याचे आम्हांला स्मरत नाही. कॅमेरा निघाला की त्या आपोआप माजघरात जात. तीस वर्षे आमच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या बाईही कोठे नाहीत. एका चित्राच्या कडेला केवळ एक कोपर आहे, ते त्यांचे असावे. बारा चित्रांत कोण बसणार हे वडिलांनी ठरविले नाही, घराण्याच्या रीतीने ठरविले. आजच्या पोरांचे मोबाईल मात्र दूधवाल्यापासून भांडीवाल्या बाईंच्या नातीपर्यंत सर्वांस सामावून घेतात. या उधळपट्टीवर आम्ही फार टीका केली आहे. ती थोडी मागे घेतो.

तरीही 'काढू का?' हा प्रश्न हरवला, ही खंत जात नाही. आणि तो हरविणाऱ्यांत आम्हीच आहोत. २०१९ च्या दिवाळीत, पाडव्याच्या दिवशी, आई अंथरुणावर होती. अंगावर हाडे व कातडे एवढेच उरले होते. खिडकीतून ऊन तिच्या गालावर पडले होते, आणि त्या उजेडात ती अतिशय सुंदर दिसली. आम्ही खिशातून मोबाईल काढला. तिने पाहिले, आणि तळहात चेहऱ्यापुढे धरला. तिच्या हातात बळ नव्हते, तरी तो तिने बराच वेळ धरून ठेवला. आम्ही त्याच क्षणी बटण दाबले होते. ती जानेवारीत गेली.

त्या चित्रात चेहरा नाही, तळहात आहे. रेषा स्पष्ट आहेत. करंगळीजवळचा भाजल्याचा जुना डाग दिसतो, तो आम्ही पन्नास वर्षांत लक्ष देऊन कधी पाहिला नव्हता. ज्या अर्थाने हिमनदी आमची झाली नाही, त्या अर्थाने हा हात आमचा झाला आहे. पण तो तिने दिलेला नाही. नाही म्हणण्यासाठी उचललेला तो हात होता. बर्फाच्या भिंतीस आपण विचारीत नाही, कारण ती 'नको' म्हणणार नाही. आईने 'नको' म्हटले होते आणि आम्ही त्या 'नको'चेच चित्र घेऊन बसलो आहो. ते पुसावे तर तिचा तो हात पुन्हा कोठे दिसावयाचा नाही. ठेवावे तर रोज तिची आज्ञा मोडल्यासारखे होते. धाकट्या भावाचे मत असे, की गेलेल्या माणसास लाज नसते, ठेवावे. सौ.ना विचारले, तर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मला विचारताय? हिमनदीपुढं विचारलं नव्हतं."

मागील महिन्यात धाकट्या बहिणीचा इंदूरहून फोन आला. देवघराशेजारी लावावयास तिला आईचे चांगले चित्र हवे होते, शेवटच्या दिवसांतले असेल तर बरे, म्हणाली. आम्ही आल्बममधले कमाटीबागेतले पाठविले, आगफाचे. त्यात आईने पदर सारखा केलेला आहे आणि ती सरळ वडिलांकडे पाहते आहे. दुसरे असल्याचे बहिणीस आम्ही सांगितले नाही. ते मोबाईलमध्ये आहे.