एकाच होडीतले दोघे



अमेरिकेत तलावांवर गळाने बास मासा पकडण्याच्या स्पर्धा भरतात. 'बासमास्टर क्लासिक' ही त्यांतली मोठी स्पर्धा १९७१ पासूनची. तिच्यातील एका जागेसाठी कॉलेजच्या मुलांचे एकास एक सामने अनेक वर्षे झाले. हंगामभर जे दोघे एका होडीतून जोडीने मासे धरीत, त्यांची जोडी येथे फोडली जाई. कालचा सोबती आज प्रतिस्पर्धी!

याकोब आणि योहान हे जब्दीचे मुलगेही एकाच होडीतले. त्यांनी प्रभूच्या उजव्या-डाव्या बाजूच्या जागा मागितल्या, तेव्हा इतर दहा शिष्य रागावले (मार्क १०:३५-४५). येशूने मोठेपणाची इच्छा धिक्कारली नाही. तिला सेवेची वाट दाखविली.

या स्पर्धांत मासा जिवंत आणून, वजन करून पुन्हा पाण्यात सोडतात. मेलेला मासा आणला तर वजन कापले जाते. जिंकायचे, पण जीव राखून!

आपण मात्र वाटणीत गुंठाभर जमीन जिंकतो आणि भाऊ गमावतो. आज मिस्सामध्ये शांतीचे अभिवादन करताना, ज्याच्याशी आपला अबोला आहे त्याच्याकडे आपण आधी वळू या.