घर की काम?

नाताळ समीप आला म्हणजे अलीकडे आमच्या खेड्यांतील तरुण मंडळीही मोबाईलवर विलायती नाताळपट पाहतात. त्यांतील कथा बहुधा एकच असते. शहरात मोठ्या हुद्द्यावर असलेली स्त्री सणानिमित्त लहान गावी येते, तेथे तिला प्रेमळ पुरुष भेटतो, आणि शेवटी ती हुद्दा सोडून घर पत्करते. मराठीत १९८२ साली जब्बार पटेल यांनी ‘उंबरठा’ ह्या चित्रपटात हाच पेच अधिक प्रामाणिकपणे मांडला. त्यातील सुलभा पती व लहान कन्या यांस सोडून स्त्रियांच्या आश्रमाची अधीक्षिका होते. ती परत येते तो पतीचे मन दुसरीकडे गेलेले असते, आणि ती पुन्हा उंबरठा ओलांडते.

परंतु यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या कष्टकरी भगिनींस हा पेच कोणी घातला आहे काय? नाताळाच्या दिवसांत कापसाची वेचणी चालू असते. पहाटे चूल, दिवसभर ओटीत कापूस, किलोवर मजुरी, सायंकाळी पुन्हा चूल. दोन्ही ओझी त्यांच्याच माथी. पेच उभा राहतो तो कन्या शिकून परिचारिका किंवा शिक्षिका झाली म्हणजे. शेतातील मजुरीने घर मोडत नाही आणि पगाराच्या नोकरीने मात्र मोडते, हे कसे?

येथे आम्हांस आपला दोष कबूल केला पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका सुनेस दूरच्या रुग्णालयात नेमणूक मिळाली, तेव्हा घरची मंडळी सल्ल्यासाठी आमच्याकडे आली. आम्ही नीतिसूत्रांचा एकतिसावा अध्याय काढून तिला घरी राहण्याचा उपदेश केला. तिच्या पतीस आम्ही एकही प्रश्न विचारला नाही. पुढे तोच अध्याय पुन्हा वाचताना आम्ही लज्जित झालो. कारण त्यातील सद्गुणी स्त्री शेत पारखून विकत घेते, द्राक्षमळा लावते आणि व्यापारही करते.

लेकरांची हेळसांड होऊ नये, ही काळजी खरी आहे. परंतु ती बापाचीही आहे. अक्विल्ला व प्रिस्किल्ला ही दोघेही तंबू करीत, दोघांनीही अपुल्लोसास शिकविले, आणि त्यांच्या घरी मंडळी जमत असे. त्या घरात काम, संसार व सेवा ही एकमेकांची वैरी नव्हती, कारण ओझे दोघांच्या खांद्यांवर होते.

तरी बंधूंनो, घर की काम हा प्रश्न सुनेस विचारण्यापूर्वी तो आपण स्वतःस विचारावा. आणि उत्तर तोंडाने देण्याआधी पाण्याची घागर उचलावी.