न झालेल्या गोष्टीचे क्रियापद

"लाईट गेली नसती तर संध्याकाळपर्यंत ताका उतरला असता." भिवंडीत राहणाऱ्याने हे वाक्य किती वेळा ऐकले असेल, याची मोजदाद नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी यंत्रमागांचा कारखाना आहे. धोट्यांचा खडखडाट थांबला की माणसे बाहेर येऊन ओट्यावर बसतात आणि न झालेल्या गोष्टींविषयी बोलू लागतात. सूत महागले नसते तर, व्यापाऱ्याने पैसे वेळेवर दिले असते तर, थोरल्याला शिकवले असते तर. त्याच ओट्यावर बसलेला उत्तरेकडचा कारागीर आपल्या भाषेत तेच म्हणतो, "लाइट नहीं जाती तो शाम तक ताका उतर जाता." मराठीतल्या 'उतरला असता'साठी हिंदीत एकटे 'उतर जाता'. हा फरक माझ्या कानावरून आयुष्यभर गेला, आणि मी मराठी शिकवत असूनही तो कधी टिपला नाही. टिपला तो एका फ्रेंच क्रियापदामुळे.

माझी भाची अंजूरफाटा, कशेळीमार्गे ठाण्याला फ्रेंचच्या क्लासला जाते. एका रविवारी ती वही घेऊन आली. "मामा, हे बघ ना. एवढं पाठ करायचं, आणि मॅडमच सांगतात की हे आता कुणी बोलत नाही." वहीत 'गाणे' या क्रियापदाची सहा रूपे होती. देवनागरीत तिने उच्चार लिहून ठेवले होते: शाँतास, शाँतास, शाँता, शाँतास्यों, शाँतास्ये, शाँतास. फ्रेंचमध्ये इच्छा, शंका, भीती, गरज यांच्या मागे येणाऱ्या क्रियापदाला वेगळे रूप लागते. आपला विध्यर्थ त्याच्या जवळचा. पण मुख्य क्रियापद भूतकाळात गेले की हे मागचे क्रियापदही भूतकाळी झाले पाहिजे, असा तिथला जुना नियम. त्या भूतकाळी रूपांची ही यादी होती.

मी तिला मराठी वाक्ये करून दाखवली. त्याने गावे असे मला वाटते. त्याने गावे असे मला वाटत होते. 'वाटते'चे 'वाटत होते' झाले, 'गावे' मात्र जागचे हलले नाही. भाची म्हणाली, "म्हणजे आपलं सोपं आहे." त्या वेळी मला ते सोपे वाटले नाही, उणे वाटले. ज्या भाषेत इच्छेलाही काळ आहे ती भाषा मला अधिक श्रीमंत वाटली, आणि असे रूप बोलण्यातून गेले याचे वाईट वाटले. रूप गेले की भाषेचे धन गेले, असे मी तोवर मानत आलो होतो. मुलांच्या वह्या तपासणाऱ्या माणसाची ही नेहमीची समजूत.

पुढचे काही महिने तिच्याबरोबर मीही त्या रूपांच्या मागे लागलो, आणि पहिला धक्का त्यांच्या जन्माचाच बसला. हे रूप लॅटिनच्या त्याच जागेवरून आलेले नाही. लॅटिनमध्ये त्या जागी 'कांतारेम' होते. बोलणाऱ्यांनी ते सोडले आणि शेजारचे, त्याहून एक पायरी मागच्या भूतकाळाचे 'कांताविस्सेम' उचलून त्या जागी बसवले. त्याचेच झिजून 'शाँतास' झाले. हीच झीज पोर्तुगीज, स्पॅनिश आणि इटालियन या बहिणींतही झाली, आणि तिथे ही रूपे आजही घराघरांत बोलली जातात. म्हणजे ज्याच्या जाण्याने मी हळहळत होतो, ते स्वतःच दुसऱ्याच्या रिकाम्या जागेवर येऊन बसलेले होते.

मग फ्रेंचमध्येच ते का गेले? मला पटलेले मुख्य कारण शेजाऱ्याचे आहे. या रूपांचा सांगाडा फ्रेंचमधल्या साध्या भूतकाळाच्या सांगाड्यावर उभा आहे. तो साधा भूतकाळ बोलण्यातून गेला आणि गोष्टीच्या पुस्तकांत उरला. आल्बेर कामूने १९४२ च्या 'लेत्रांजे' या कादंबरीत कथन मुख्यतः बोलण्यातल्या भूतकाळात केले, तेव्हा ते ठळकपणे डोळ्यांत भरले ते त्यामुळेच. खांब गेल्यावर तुळई किती दिवस टिकणार? त्यात आणखी एक अडचण होती. 'तो गायला' आणि 'त्याने गावे' या दोहोंचा उच्चार एकच, 'शाँता'. फरक फक्त लिहिताना, शेवटच्या अक्षरांत आणि स्वरावरच्या टोपीसारख्या खुणेत. ती टोपी म्हणजे पूर्वी तिथे असलेल्या, उच्चारातून गळालेल्या 'स'ची आठवण. जो फरक कानाला कळत नाही तो जिभेने का सांभाळावा?

सरकारला हे मान्य करायला वेळ लागला. २६ फेब्रुवारी १९०१ रोजी शिक्षणमंत्री जॉर्ज लेग यांच्या खात्याने परीक्षकांसाठी आदेश काढला: मुख्य क्रियापद शर्तीच्या रूपात असेल तर पुढे हे भूतकाळी रूप न लिहिता वर्तमानकाळी लिहिले तरी चूक धरू नये. २८ डिसेंबर १९७६ च्या रने आबी यांच्या आदेशाने हीच सूट भूतकाळी मुख्य क्रियापदालाही मिळाली. नियम रद्द झाला नाही, मोडणाऱ्याचे गुण कापणे थांबले. या दोन तारखांच्या मध्ये पाऊण शतक गेले. आज फ्रेंच माणूस बोलताना म्हणतो ते मराठीच्या घडणीचे वाक्य आहे: मुख्य क्रियापद भूतकाळात, मागचे मात्र जागच्या जागी. ज्याला मी आपले उणेपण समजलो होतो, तिथेच ती भाषा येऊन पोचली आहे.

इथे माझे लक्ष घराकडे वळले. आपल्याकडे असे काही गेले आहे का? एक नव्हे, अनेक गेले आहेत. वेदांच्या संस्कृतात 'लेट्' नावाचा लकार होता, इच्छा आणि संभव सांगणारा. पाणिनीच्या काळापर्यंत तो बोलण्यातून गेलेला होता, म्हणून पाणिनीने तो वेदापुरता नोंदवला. तो परत आणा असे म्हटले नाही, तो नव्हताच असेही म्हटले नाही. दुसरा 'लृङ्'. जे घडले असते पण घडले नाही, त्याचे क्रियापद. त्याच्या अर्थाला पाणिनी 'क्रियातिपत्ती' म्हणतो, म्हणजे क्रिया हुकणे. संस्कृत शिकवताना त्याचे ठरलेले उदाहरण पावसाचे असते: चांगला पाऊस झाला असता तर सुकाळ झाला असता. आमचा ओट्यावरचा कारखानदार पावसाच्या जागी वीज घालतो, एवढाच फरक.

लृङ् प्राकृतातून वाहत मराठीत आला नाही. रूप गेले, पण हुकलेल्या क्रियेबद्दल बोलण्याची गरज कुठे जाणार? मराठीने आणि हिंदीने दुसरेच सामान वापरले: 'करत', 'जात' यांतले धातुसाधित, ज्याचे मूळ संस्कृतातल्या वर्तमानकाळी विशेषणात आहे. त्यातून 'तो वेळेवर येता तर हे न होते' अशी मराठी वाक्ये झाली. जुन्या गद्यात ती भेटतात. हिंदीने ही घडण जशीच्या तशी ठेवली, 'उतर जाता' ही तीच. मराठी बोलण्यात मात्र ती एका क्रियापदात आकसली, 'असणे'त. आज आपण 'येता तर' म्हणत नाही, 'आला असता तर' म्हणतो. बाकी सगळ्या क्रियापदांनी ते रूप सोडले आणि सगळ्यांच्या वतीने 'असता' ते सांभाळते आहे. 'आत्याबाईला मिशा असत्या तर' ही म्हण घ्या. अख्ख्या म्हणीचा भार 'असत्या'वर आहे.

हे कळले त्या रात्री मी भाचीची वही पुन्हा मागितली. फ्रेंचमधल्या लिखाणात त्या मावळलेल्या रूपांपैकी जी अजून दिसतात, त्यांत पुढे आहेत 'असणे'चे 'फ्यू' आणि 'जवळ असणे'चे 'यू'. हजारो मैलांवरच्या दोन भाषांत जुने रूप सगळीकडून हटून शेवटी 'असणे'च्या घरी राहायला गेले. रूप गेले की धन गेले, हे माझे मत तिथे सुटले. ज्या क्रियापदाचा वापर रोज शंभर वेळा होतो, त्यात जुने रूप झिजत नाही. जे वर्षातून एकदा लागते त्याला ते पेलवत नाही.

आपल्या 'जाई', 'करी' या रूपांचेही असेच आहे. जुन्या मराठीत ती वर्तमानकाळाची होती. 'देव तारी त्याला कोण मारी' किंवा 'दाम करी काम' या म्हणींत ती तशीच उरली. गोष्टीच्या पुस्तकात राजा रोज शिकारीला 'जाई', तेव्हा तीच रूपे भूतकाळाची सवय सांगतात. बोलताना आपण 'जायचा' म्हणतो. म्हणजे एकाच रूपाचे दोन संसार झाले, एक आता म्हणींत राहतो आणि दुसरा छापील पानावर.

व्याकरण लिहिणाऱ्यांनी याचे काय केले? दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' काढले तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. मोरो केशव दामल्यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ चे. मराठी क्रियापदाची वंशावळ प्राकृतापर्यंत मागे नेणारा मोठा ग्रंथ झ्यूल ब्लोक या फ्रेंच माणसाने लिहिला, आणि वासुदेव गोपाळ परांजप्यांनी तो १९४१ साली मराठीत आणला. एवढी माणसे या कामात खपली, पण शाळेत त्यातले उरले काय? चार अर्थ: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. संकेतार्थाखाली 'पाऊस आला तर पीक येईल' हेही येते आणि 'पाऊस आला असता तर पीक आले असते' हेही. पहिल्यात आशा आहे, दुसऱ्यात हंगाम हातचा गेलेला आहे. पाणिनीने ज्याला वेगळा लकार दिला, ते आपण एका नावात कोंबले. त्यात हिंदीच्या तासाला तीच मुले 'हेतुहेतुमद् भूतकाल' पाठ करतात, आणि हे तेच आहे असे त्यांना कुणी सांगत नाही.

भिवंडीसारख्या गावात हे सांगणे किती सोपे आहे! एका बाकावर घरी आगरी, उर्दू, तेलुगू, हिंदी बोलणारी मुले बसतात. मराठी आणि हिंदी शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना विनंती आहे: पुढच्या खेपेला हा धडा आला की व्याख्या पाठ करून घेऊ नका. फळ्यावर "लाईट गेली नसती तर" एवढेच लिहा, आणि प्रत्येक मुलाला ते आपल्या घरच्या भाषेत पुरे करायला सांगा.