अ‍ॅडजस्ट कुणी करायचं?

‘अ‍ॅडजस्ट करणे’ या क्रियापदाचे आपल्याकडे दोन अर्थ आहेत. सायकलच्या बाबतीत वस्तू माणसाप्रमाणे बदलायची. घरात नेमकं उलटं: माणसाने परिस्थितीप्रमाणे बदलायचं. पहिल्या अर्थाला मोजमाप असतं, दुसऱ्याला नसतं. माझ्या मते खरी नैतिक गोची तिथे आहे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, मूळचा अमरावतीचा. माझ्याकडे फुल सस्पेन्शन माउंटन बाइक आहे. तिच्या मागच्या जोडाशी फ्लिप चिप नावाचा धातूचा छोटा तुकडा असतो. तो उलटा बसवला की पुढचा फोर्क साधारण अर्धा अंश जास्त कलतो आणि उतारावर सायकल स्थिर वाटते. पण त्याच वेळी पेडलचा आस काही मिलिमीटर खाली येतो, म्हणून चिखलदऱ्याकडच्या दगडगोट्यांत पेडल आपटू लागतं. सीटही मागे झुकते आणि चढ जड जातो. एकच गोष्ट बदलली असं कधी होत नाही. किंमत कुठेतरी वसूल होतेच. फक्त इथे ती आधी कळते, आणि नको वाटलं तर एका अ‍ॅलन कीने सगळं पूर्ववत करता येतं.

घरातल्या अ‍ॅडजस्टमेंटला अशी उलटी फिरणारी चिप नसते.

याचा अर्थ माणसाने अजिबात दबू नये, असा नाही. आपण सायकलवर बसलो की शॉक थोडा दबायलाच हवा. त्याला सॅग म्हणतात. शॉकचा स्ट्रोक 50 मिमी असेल तर साधारण 15 मिमी. तो दबलाच नाही तर खड्डा आला की चाक खाली उतरून जमीन धरू शकत नाही. नात्यातही थोडं दबल्याशिवाय पकड येत नाही. पण सॅग बसणाऱ्याचं वजन बघून आधीच ठरवतात, आणि उरलेला स्ट्रोक पुढच्या धक्क्यांसाठी राखून ठेवतात.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते रिबाउंडने. दबलेला शॉक किती वेगाने वर येतो, ते रिबाउंडच्या नॉबवर ठरतं. तो वेग फार कमी ठेवला आणि खड्ड्यांमागून खड्डे आले, तर पहिल्या धक्क्यातून शॉक वर येण्याआधीच दुसरा बसतो, मग तिसरा. दर वेळी तो आधीपेक्षा खोल जातो. शेवटी स्ट्रोक संपत येतो आणि शॉक दगडासारखा लागतो. नवखा माणूस म्हणतो, ‘शॉक फार कडक आहे.’ तो कडक नसतो. त्याला वर यायला वेळच मिळालेला नसतो.

माझी ताई लग्न होऊन अकोल्याला गेली. अमरावतीतली शिक्षिकेची नोकरी ती काही महिने रेल्वेने जा-ये करून टिकवत होती. मग सासऱ्यांचं दुखणं निघालं. “घे ना व माय, थोडंसं अ‍ॅडजस्ट करून.” मग बाळ झालं, मग दिराचं लग्न आलं. यातली एकही मागणी सुटी बघितली तर अन्यायाची नव्हती. म्हणूनच कुणाला दोष देता येत नाही. आता नातेवाईक म्हणतात, ती हल्ली फार चिडचिडी झाली.

प्रेमात असा हिशेब मांडायचा का, असा आक्षेप येईल. मुद्दा रास्त आहे. पण हिशेब फक्त वसुलीसाठीच नसतो. समोरच्याची ताकद किती उरली आहे, हे कळायलाही तो लागतो. जिथे मोजमाप नाही तिथे जो तक्रार करत नाही त्याच्यावरच भार वाढत जातो.

आणि रस्ता बदलता येत नाही, असं कोण म्हणतं? जून 2022 मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर एका लेनचा 75 किमी डांबरी रस्ता 105 तास 33 मिनिटांत सलग टाकला गेला. गिनीज बुकात त्याची नोंद आहे. त्या पट्ट्यावर माझा शॉक जवळजवळ बेकार असतो. त्याच महामार्गावरून खाली उतरून एखाद्या शेताच्या पांदणीला लागा: पावसाळ्यात काळी माती चाकं अडवते, उन्हाळ्यात भेगा पडतात. महत्त्वाचा ठरलेला रस्ता चार-पाच दिवसांत माणसासाठी बदलतो. बाकीच्या रस्त्यांवर माणसाने बदलायचं असतं. कुठला रस्ता महत्त्वाचा, हे पांदणीवरून चालणारा ठरवत नाही.

शॉक स्वतःचा नॉब स्वतः फिरवू शकत नाही. ती जबाबदारी त्याच्या जिवावर आरामात बसलेल्याची असते. ताईकडे दिवाळीला जाऊन पाहुणचार घेणारा मीही त्यांच्यातलाच. त्यामुळे ‘थोडं अ‍ॅडजस्ट कर’ म्हणण्याआधी आपण विचारायला हवं: मागच्या वेळी दबली होतीस, त्यातून वर आलीस का? उत्तर ‘नाही’ असेल, तर या वेळची पाळी दुसऱ्या कुणाची तरी आहे.