फिर्यादीचा अधिकार

खामगावहून जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर चिखली लागते, आणि 1899-1900 च्या दुष्काळाने ज्या वऱ्हाडाला होरपळून काढले त्याच वऱ्हाडाचा हा एक तालुका असल्यामुळे, ख्रिस्ती श्रद्धा आणि आपत्ती यांच्या संबंधाचा विचार येथे बसून करणाऱ्याला त्या दुष्काळापासूनच आरंभ करावा लागतो. अलायन्स मिशनने त्या काळी अकोल्यास मुलांसाठी व खामगावास मुलींसाठी अनाथगृहे चालविली. त्यांत वाढलेल्यांना ‘पोटासाठी बाटले’ असे हिणविणे लोकांना सोपे गेले, तर मिशनऱ्यांना त्याच भुकेत ईश्वरी कृपेचे द्वार दिसले. मला दोन्ही हिशेब सारखेच अपुरे वाटतात, कारण दोहोंत श्रद्धा ही भाकरीच्या मोबदल्यात करून दिलेली कबुलायत ठरते, आणि 1918 च्या इन्फ्लुएन्झाने याच मुलखात घरेच्या घरे ओस पाडली तेव्हा त्या कबुलायतीचे काय झाले असेल, हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

त्याआधीची पिढी बाबा पदमनजींची. 1854 साली बाप्तिस्मा घेतलेल्या या विद्वानाच्या लेखनात धर्म मुख्यतः पुराव्याने सिद्ध करावयाची बाब आहे, आणि आप्तेष्टांचा दुरावा ही त्या सत्यासाठी भरावी लागणारी किंमत. ही भूमिका खंबीर खरी, परंतु वादात प्रतिपक्षाला निरुत्तर करणारा युक्तिवाद घरातल्या मृत्यूपुढे किती वेळ उभा राहतो, याविषयी मी साशंक आहे.

पंडिता रमाबाईंचे चरित्र या बाबतीत अधिक अवघड, म्हणून अधिक विश्वसनीय. 1870 नंतरच्या दशकातील दुष्काळात तीर्थाटन, उपास, दानधर्म सारे करूनही आईवडील व बहीण डोळ्यांदेखत गेली आणि वंशपरंपरेने आलेली श्रद्धा त्या भुकेत हळूहळू गळून पडली. पुढे 1880 साली भाऊ व 1882 साली पती निवर्तले. 1883 साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. दुःखाने श्रद्धा बळकट होते असे जे सरसकट सांगितले जाते, त्याला त्यांचे पूर्वायुष्यच हरकत घेते: दुःखाने त्यांची एक श्रद्धा मोडली होती, आणि हे त्यांनी कधी लपविले नाही. म्हणूनच 1897 साली मध्यप्रांतातील दुष्काळी भागातून मुलींना घेऊन त्या परतल्या, तेव्हा उपाशी मुलींना दुःखाचे प्रयोजन समजावून सांगण्यापेक्षा त्यांच्यासाठी चूल, विहीर व हातमाग यांची तजवीज त्यांना निकडीची वाटली असावी, असा माझा तर्क आहे. 1921 च्या जुलैत एकुलती एक कन्या मनोरमा वारली, आणि अवघ्या नऊ महिन्यांच्या आत, 5 एप्रिल 1922 रोजी, स्वतः रमाबाई. मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून चाललेले बायबलाचे मराठी भाषांतर शेवटपर्यंत त्यांच्या हातून सुटले नव्हते.

तरीही रमाबाईंच्या धैर्यात तक्रारीला जागा थोडी दिसते, आणि ती जागा कवी नारायण वामन टिळकांनी करून दिली. विठ्ठलाशी भांडण्याचा संतांचा हक्क त्यांनी ख्रिस्तभक्तीत रुजू केला. हा हक्क बायबलाला परका नव्हताच, कारण ईयोब देवाविरुद्ध देवाच्याच दरबारी फिर्याद मांडतो आणि शेवटी ठपका येतो तो त्याचे सांत्वन करावयास आलेल्या पंडितांवर; पण पाश्चात्य उपदेशाच्या शिस्तीत मराठी मंडळींना तो उघडपणे बजावता येत नसावा. ज्याच्यापाशी फिर्याद करावयाची तो ऐकतो, हे फिर्यादीने आधीच मान्य केलेले असते. मौन धरणाऱ्यापेक्षा रुसणारा भक्त मला म्हणूनच अधिक श्रद्धावान वाटतो.

टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तर प्रथम पतीच्या धर्मांतरावरच रुसवा धरला. 1895 पासून काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या, 1900 साली स्वतःच्या निर्णयाने ख्रिस्ती झाल्या, आणि ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र लिहिताना त्या वर्षांतील अपमान, दारिद्र्य, वैताग यांतले काहीही त्यांनी धार्मिक भाषेच्या शालीखाली झाकले नाही. उलट त्यावर हसल्या. 1919 साली टिळक वारले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते, आणि शालेय शिक्षण जवळजवळ नसलेल्या या बाईने उरलेले अध्याय रचावयास घेऊन ते काव्य पुरे केले.