चंद्र कमी होत नाही

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

सज्जनहो, श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले आहेत. पृथ्वी, वायू, समुद्र, अजगर, पिंगला... नावं आपल्याला पाठ असतात, पण घरात अडचण आली की त्यातला एकही गुरू आठवत नाही. आज दोघांचीच आठवण करू या.

माझ्या पुतणीने बी. ई. नंतर एम. टेक.साठी गेटची परीक्षा दिली. स्कोअर बरा आला, पण प्रवेशाच्या फेऱ्यांमागून फेऱ्या संपल्या, हव्या त्या संस्थेत नाव काही लागलं नाही. पोरगी दोन दिवस धड जेवली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "काका, माझ्यासाठी तुम्ही गुरुचरित्राचा सप्ताह केलात ना? मग महाराजांनी ऐकलं का नाही?"

प्रश्न खरा होता. 'देवाची मर्जी' म्हणून तो झटकणं बरं नव्हतं. मी म्हटलं, "बाळा, पारायण म्हणजे डिमांड ड्राफ्ट नव्हे, की इकडे पैसे भरले आणि तिकडे तेवढीच रक्कम हातात पडली. पारायण मनाला बळ यावं म्हणून करायचं. ते बळ आत्ताच लागणार आहे."

अवधूताचा एक गुरू चंद्र. कला वाढतात, कला घटतात. चंद्र घटत नाही. अमावास्येलाही तो पूर्णच असतो, आपल्याला दिसत नाही एवढंच. निकाल ही कला, मूल हा चंद्र. एक चेक परत आला म्हणून कोणी खातं बंद करत नाही.

दुसरा गुरू बाण घडवणारा कारागीर. राजाची स्वारी वाजतगाजत शेजारून गेली, पण याचं लक्ष बाणावरून हललं नाही. आपल्या मुलांशेजारूनही अशा स्वाऱ्या जातच असतात. अमक्याचा नंबर लागला, तमक्याने पेढे वाटले. आणि त्यांचं रसभरीत वर्णन घरात बसून आपणच ऐकवतो! मंडळी, तेवढं टाळा.

धीर नुसत्या शब्दांनी येत नाही. आम्ही कागद घेऊन बसलो, एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला नावे. गेटचा स्कोअर निकालापासून ३ वर्षे चालतो. म्हणजे त्याच स्कोअरवर पुढच्या वर्षी अर्ज करता येतो, हवी तर परीक्षाही पुन्हा देता येते. पदवी जमेला, स्कोअर जमेला, केलेला अभ्यास जमेला. नावे पडलं एक वर्ष. बाकी जमेचीच निघाली!

आता ती दिवसा नोकरी करते आणि रात्री नऊला पुस्तक उघडते. पुढचं महाराज जाणोत.

मार्गशीर्ष पौर्णिमेला दत्तजन्माचा पाळणा झाला, की बाहेर येऊन आकाशाकडे जरूर पाहा. तो पूर्ण चंद्र दुसऱ्याच दिवसापासून उतरू लागतो. म्हणून त्याला कोणी नापास म्हणत नाही. घरातल्या मुलालाही म्हणू नये.

अवधूतचिंतन श्री गुरुदेव दत्त!