दहा चमचे डिझेल

माणसाला कशाचा अभिमान वाटेल याचा नेम नाही. कुणाला आपल्या घरच्या लोणच्याचा वाटतो, कुणाला मुलाच्या मार्कांचा. मला गेली काही वर्षे माझी जुनी इंडिका एका टाकीत किती धावते याचा अभिमान वाटत आला आहे. टाटांनी 1998 च्या डिसेंबरात ही गाडी लोकांपुढे आणली तेव्हा डिझेलवर चालणारी छोटी गाडी ही आपल्याकडे अपूर्वाईच होती. माझ्याकडे ती पुष्कळ वर्षांनी आली. मी तिचा तिसरा मालक. पण पहिल्या दोघांनी केला नसेल असा तिचा अभ्यास मी केला. शाळेच्या हजेरीपटासारखी एक वही घातली आणि तीत रकाने आखले: तारीख, किलोमीटर, लिटर, सरासरी आणि शेवटी, मास्तरकीच्या सवयीने, शेरा.

वाचकांपैकी ज्यांच्याकडे अशी गाडी असेल त्यांनी माझे शास्त्र फुकट घ्यावे. टायरांत हवा पुरती ठेवावी. डिकीतले नको ते ओझे काढावे. खालच्या गिअरमध्ये इंजिनाला रडवू नये. मात्र वरच्या गिअरमध्ये ते धापा टाकू लागेल इतके हळूही जाऊ नये. पुढचा ट्रक, पुढचे वळण दुरूनच हेरावे आणि ब्रेक मारण्याऐवजी आधीच पाय उचलावा. गाडी गिअरमध्ये असताना पाय उचलला की इंजिनाला जाणारे इंधन जवळजवळ थांबते. उतारावर न्यूट्रल करणाऱ्यांचे इंजिन मात्र इंधन पीतच राहते आणि गाडीवरचा ताबा सुटतो तो वेगळाच. सर्वांत मोठी गोष्ट वेगाची. वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. साठाचे नव्वद केले तर वेग दीडपट होतो, पण अडथळा सव्वादोनपट. म्हणून मी साठाच्या वर जात नाही. त्यामुळे गावातले लोक हात दाखवून विचारतात, ‘‘काय जी मास्तर, गाडी चालवून राह्यले का रेंगी हाकून राह्यले?’’ मी हसून वहीत सरासरी लिहितो.

ही काटकसर वाईट आहे असे मला तेव्हाही वाटत नव्हते, आजही वाटत नाही. आपल्या देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलाचा पाचांत चार भागांहून अधिक वाटा बाहेरून विकत आणावा लागतो. एक लिटर डिझेल जाळले की अडीच किलोंहून अधिक कार्बन वायू हवेत जातो. तेव्हा थेंब वाचवणे हे शहाणपणच. माझ्या मनात जो प्रश्न रुतून बसला तो वेगळा आहे. तो गेल्या दिवाळीच्या सुटीत, अकोल्याच्या वाटेवर उभा राहिला.

आम्ही रिद्धपूरहून पुण्याला मेहुण्याकडे निघालो होतो. मी, पत्नी आणि सातवीतली मुलगी. गाडीची टाकी 37 लिटरांची. एरवीच्या सतराच्या सरासरीने तिच्यात 629 किलोमीटर होतात, म्हणजे पुणे जेमतेम गाठते. मला एका टाकीत आठशे हवे होते. अमरावतीला टाकी गळ्यापर्यंत भरली आणि महामार्गाला लागलो. हा रस्ताही विक्रमीच. 2022 सालच्या जून महिन्यात अमरावती ते अकोला यांमधला त्याचा 75 किलोमीटरचा एक पट्टा 105 तास 33 मिनिटांत अखंड डांबरला गेला आणि गिनीजच्या विक्रमांत त्याची नोंद झाली. अशा रस्त्यावर आपलाही एक विक्रम व्हावा असे वाटले तर नवल नाही.

मूर्तिजापूर मागे पडले. दोन्हीकडे फुटलेली कपाशी, मध्येच तुरीचा पिवळा फुलोरा, सकाळचे कोवळे ऊन. काटा साठावर स्थिर होता आणि इंजिन अगदी सुरात होते. इतक्यात एका फाट्यावर एक म्हातारी दिसली. हातात पिशवी आणि बोट धरलेला सात-आठ वर्षांचा पोरगा. तिने हात वर केला. मागच्या सीटवर दोघांपुरती जागा होती. मी पाय उचलला नाही. ‘मागून कुणीतरी येतच असेल’ असे मनाशी म्हटले. पत्नीने माझ्याकडे पाहिले, पण ती काही बोलली नाही. आरशात म्हातारीचा हात हळूहळू खाली येताना मला दिसला.

अनोळखी माणसाला गाडीत घेताना भीती वाटते, असे कुणी माझ्या वतीने म्हणेल. पण खोटे कशाला बोलू? त्या म्हातारीची मला भीती वाटली नव्हती. थांबलो असतो तर सरासरी बिघडली असती, एवढेच एक कारण होते.

अकोला ओलांडल्यावर मुलीने विचारले, ‘‘बाबा, त्या बुढीले अकोल्यापर्यंत बसवलं असतं तं आपलं किती डिझेल जास्त लागलं असतं?’’ तिच्या आवाजात टोमणा नव्हता. वही तीच लिहीत होती. तिला खरोखरच आकडा हवा होता. मला तो सांगता आला नाही.

सुटी संपल्यावर मी आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना तो प्रश्न घातला. त्यांनी फळ्यावर गणित मांडले. माणसांसह बाराशे किलोंची गाडी साठाच्या वेगावरून थांबवून पुन्हा त्याच वेगाला आणायची. डिझेलमधल्या शक्तीचा चौथा हिस्साच चाकांपर्यंत पोचतो असे धरले तरी त्याला लागते अठरा-वीस मिलिलिटर. चहाचे चार चमचे. म्हातारी आणि नातू मिळून ऐंशी किलोंचे धरले, तर तेवढे ओझे तीस किलोमीटर नेण्याला आणखी सहा चमचे. एकूण दहा चमचे डिझेल. माझ्या सरासरीने तो एका किलोमीटरचा हिशेब होतो. सरांनी हात झटकले, खडूची पूड उडाली आणि ते म्हणाले, ‘‘फारच थोडं निघालं की हो!’’

त्या प्रवासात एका टाकीत माझे 812 किलोमीटर झाले होते. म्हातारीला घेतले असते तर 811 झाले असते.

आणि हे 812 तरी कसे झाले? पुण्याला पोचलो तेव्हा टाकीत बरेच डिझेल शिल्लक होते. पण आठशेचा आकडा वहीत चढायचा तर ते जाळणे भाग होते. म्हणून दुसऱ्या दिवशी मी लोणावळ्याला जाऊन आलो. तेथे माझे काहीही काम नव्हते. जे वाचवले ते वाचले आहे हे सिद्ध करण्यासाठी मी ते जाळून टाकले. जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने 1865 साली कोळशाविषयी लिहिताना असेच निरीक्षण नोंदवले होते: यंत्र थोड्या कोळशात चालू लागले म्हणून कोळसा उरत नाही, उलट त्याचा खप वाढतो. दीडशे वर्षांपूर्वी विलायतेत एका गृहस्थाला जे उमगले होते ते मला लोणावळ्याच्या चिक्कीचा पुडा हातात घेऊन उभा असतानाही उमगले नाही.

मग मला माझे वडील आठवले. माझ्या लहानपणी गावात वीज असून नसल्यासारखी होती आणि रॉकेल रेशनवर मिळे. जेवणे आटोपली की वडील कंदिलाची वात बारीक करीत. ‘‘बोलायले उजेड कायले पाह्यजे?’’ असे म्हणत. आम्ही त्यांना चिक्कू म्हणत असू. पण दारात पाऊल वाजले, ‘मास्तर हायेत का?’ अशी हाक आली, की त्यांचा हात आधी कंदिलाकडे जाई आणि वात वर चढे. आलेला माणूस ओळखीचा आहे की परका, हे त्यानंतर दिसे. कारण ते पाहायलाच तर उजेड हवा होता.

काटकसर आणि कंजूषी यांतला फरक मी शाळेत अनेकदा शिकवला आहे, वाक्यांत उपयोगसुद्धा करून दाखवला आहे. पण तो फरक त्या वातीत होता. वडील वात बारीक करीत ती वर चढवता यावी म्हणून. मी वात बारीक केली आणि मग ती बारीकच आहे ना, हे पाहत बसलो. साधन मोजता मोजता ते कशासाठी होते तेच माणूस विसरतो, आणि विसरलो हे त्याला कळतही नाही. कारण वहीत सरासरीला रकाना असतो, फाट्यावरच्या म्हातारीला नसतो.

आमचे रिद्धपूर हे श्रीगोविंदप्रभूंचे गाव. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केले ते येथेच. महानुभावांचे भिक्षू अटन करीत, आजही पायी फिरताना दिसतात. खांद्याला झोळी, आणि झोळीत एका वेळेपुरते अन्न. त्यांना टाकी नाही, म्हणून सरासरीही नाही. तुम्हांआम्हां संसारी माणसांना तसे जमणार नाही. उद्याचे, मुलाबाळांचे राखून ठेवावेच लागते. परंतु भिक्षूची झोळी कुणाच्या तरी भरवशावर चालते. ज्या घरांतून ती भरते, त्या घरांनी आपल्या ताटातला घास मोजून ठेवला असता तर ती भरली असती काय?

मी अजूनही साठाच्या वर जात नाही. टायरांतली हवा दर पंधरवड्याला पाहतो. वहीही चालू आहे. ती म्हातारी पुढे त्या वाटेवर मला कधी दिसली नाही. सरासरी मात्र बावीसवरून साडेवीसवर आली आहे, आणि इतकी वर्षे कोरा राहिलेला शेऱ्याचा रकाना आता भरू लागला आहे. तो मुलगी लिहिते. मागच्या आठवड्यातल्या बाजारच्या दिवसापुढे तिने लिहिले आहे, ‘दोन बाया, एक बकरी. बकरीने सीट खाल्ली.’